डायलवरचं नाव विसरा, मशीनचा नंबर वाचा

१९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. पुढे जनता, पायलट, कोहिनूर, कांचन अशी कोट्यवधी घड्याळं देशभरातल्या मनगटांवर गेली. नोकरीच्या पहिल्या पगारातून, लग्नातल्या आहेरातून, निवृत्तीच्या समारंभातून ती घरोघर पोहोचली. २०१६च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि या सगळ्या घड्याळांना सुटे भाग पुरवणारा मूळ झराच आटला. आता वडिलांचं किंवा आजोबांचं घड्याळ घेऊन कुणी दुरुस्तीच्या दुकानात गेलं, की काउंटरमागून ठरलेलं उत्तर येतं: “पार्ट मिळत नाही.”

हे उत्तर पुष्कळदा अर्धंच खरं असतं. पार्ट कुठेतरी एखाद्या ड्रॉवरमध्ये, कागदाच्या पुडीत पडलेला असतो. पण त्याचं नेमकं नाव कुणी विचारलेलं नसतं. “जनताची स्प्रिंग आहे का?” किंवा “फाव्र-ल्यूबाची चावी मिळेल का?” असं विचारलं की समोरचा माणूस मान हलवतो. तोच प्रश्न कॅलिबरचा, म्हणजे आतल्या मशीनच्या प्रकाराचा, क्रमांक आणि मापं हातात ठेवून विचारला, तर शोधाला दिशा मिळते. ती माहिती काढायला जरा चिकाटी लागते, पण त्यासाठी घड्याळजी असण्याची गरज नाही.

पार्ट शोधायला निघण्यापूर्वी तो खरोखरच हवा आहे का, हे ठरवावं. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या बहुतेक घड्याळांत काही तुटलेलं नसतं. तेल वाळून चिकट झालेलं असतं. “जास्त चावी दिली म्हणून घड्याळ अडकलं” ही समजूत घरोघर ऐकू येते. प्रत्यक्षात स्प्रिंग पूर्ण भरूनही घड्याळ चालत नसेल, तर दोष सहसा चावी देणाऱ्याचा नसतो. घट्ट झालेलं तेल चाकांना फिरू देत नसतं. अशा घड्याळाला पूर्ण खोलून साफसफाई आणि नवं ऑइलिंग पुरतं.

बाकीची लक्षणं बरीच बोलकी असतात. चावी कितीही फिरवली तरी ती शेवटी थांबत नाही, असं चावीच्या घड्याळात झालं तर मुख्य स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचं टोक आतून सुटलं आहे. चावी दिल्यावर ती कर्र आवाज करत उलटी सुटत असेल, तर क्लिक (स्प्रिंगला उलटं सुटू न देणारा खटका) किंवा क्लिकची बारीक स्प्रिंग गेली आहे. चावी दांडीसकट हातात आली तर घाबरू नये. बऱ्याचदा सेटिंग लिव्हरचा स्क्रू ढिला झालेला असतो आणि तो नीट कसला की काम होतं. सेकंदकाटा नीट पळतो पण मिनिटकाटा जागचा हलत नाही, तेव्हा कॅनन पिनियन सैल झालेलं असतं. जाणकार कारागीर ते जागेवरच घट्ट करून देतो, नवा पार्ट लागत नाही. घड्याळ पडल्यानंतर बॅलन्स व्हील डगमगत असेल किंवा एका बाजूने चालून दुसऱ्या बाजूने थांबत असेल, तर मात्र बॅलन्स स्टाफचं, म्हणजे त्या चाकाच्या आसाचं, टोक मोडलं असण्याची शक्यता मोठी. म्हणजे पहिला खर्च पार्टवर करण्याऐवजी तपासणीवर करावा.

आता मुख्य गोष्ट. घड्याळाचं मागचं झाकण कारागिराकडून आपल्यासमोर उघडून घ्यावं आणि मशीनचे मोबाइलवर जवळून, चांगल्या उजेडात फोटो काढावेत. स्वयंपाकघरातल्या सुरीने झाकण उघडायचा मोह टाळावा. केसवर कायमचा ओरखडा राहतो आणि सुरी घसरली तर बॅलन्सच जातो. झाकणाच्या आत आणि बाहेर कोरलेले आकडे बहुतेक वेळा केसचे असतात, मशीनचे नसतात. स्विस मशीनचा क्रमांक सहसा बॅलन्स व्हीलच्या खाली, मुख्य प्लेटवर, अगदी बारीक अक्षरांत असतो. बॅलन्सच्या आऱ्यांमधून तिरका प्रकाश टाकला की तो दिसतो. काही मशीनवर तो डायलच्या बाजूला असतो, म्हणजे डायल काढल्याशिवाय कळत नाही. आकड्याशेजारी एखादी खूण असते: ढालीच्या आकारात ‘एएस’, कुठे ‘एफएचएफ’, कुठे ‘ईटीए’. ही खूण आणि तो आकडा मिळून मशीनचं खरं नाव होतं.

खरं नाव का म्हणायचं, हे स्विस उद्योगाचा इतिहास पाहिला की समजतं. डायलवर नाव छापणाऱ्या शेकडो कंपन्या स्वतः मशीन बनवत नव्हत्या. त्या ते ए. शिल्ड (एएस), फाँतनमलों (एफएचएफ), ईटीए, युनिटास, पेझ्यू अशा कारखान्यांकडून घेत, त्यावर आपलं नाव घालत आणि आपल्या केसमध्ये बसवत. १९२६ मध्ये यांतल्या काही बड्या कारखान्यांनी एकत्र येऊन एबोश एसए ही संस्था उभी केली, त्यानंतर तर हा पुरवठा अधिकच एकसारखा झाला. त्यामुळे ए. शिल्डचं ११३० हे मशीन कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांत सापडतं. एखाद्या विसरल्या गेलेल्या ब्रँडचं घड्याळ हातात असेल आणि आत हे मशीन निघालं, तर पार्टच्या बाबतीत मालक नशीबवान आहे.

याच्या उलट अनुभवही येतो. वेस्ट एंड वॉच कंपनीचं सोवार प्राइमा हे नाव हिंदुस्थानात फौजेपासून रेल्वेपर्यंत पोहोचलेलं; पण ते अनेक दशकं विकलं गेलं आणि त्या काळात आतली मशीन बदलत गेली. दोन सोवार प्राइमा शेजारी ठेवली तर एकाचा पार्ट दुसऱ्याला बसेलच असं नाही. फाव्र-ल्यूबाच्या २५१ क्रमांकाच्या मशीनमध्ये एकाऐवजी दोन बॅरल (स्प्रिंग बसायच्या डब्या) असतात, म्हणजे मुख्य स्प्रिंगही दोन. कारागिराला हे आधी माहीत नसेल, तर तो एकच स्प्रिंग मागवतो आणि घड्याळ पुन्हा महिनाभर डबीत पडून राहतं.

जपानी घड्याळांत हे काम सोपं आहे. आखाती देशांतून कोकणातल्या घराघरांत आलेल्या सेको ५ घड्याळांच्या मागच्या झाकणावर दोन भागांत क्रमांक असतो. पहिले चार आकडे मशीनचे, उरलेला भाग केसचा. ‘७००९’ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर शोध ७००९च्या पार्टचा घ्यायचा, डायलचा रंग किंवा केसचा आकार कसाही असो. एचएमटीच्या पायलटमध्ये सहसा ०२३१ हे मशीन आढळतं. एचएमटीची सुरुवातीची मशीन सिटिझनच्या रचनेवर आधारलेली असल्याने काही भाग त्या काळच्या सिटिझन मशीनशी जुळू शकतात. मात्र ‘जुळू शकतात’ हेच शब्द लक्षात ठेवावेत; जुना भाग आणि नवा भाग शेजारी ठेवून मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हैदराबादच्या ऑल्विनने घड्याळं सेकोच्या सहकार्याने बनवली, त्यामुळे त्यांच्या बाबतीत सेकोच्या दिशेनेही चौकशी करून पाहावी.

क्रमांक कुठेच दिसत नसेल तर मशीनचा व्यास मोजायचा आणि डायलखालच्या सेटिंग लिव्हर स्प्रिंगचा आकार पाहायचा. प्रत्येक कारखान्याची ही छोटी पट्टी वेगळ्या वळणाची असते. अमेरिकेत निघालेला बेस्टफिट एन्सायक्लोपीडिया आणि जर्मनीतले फ्लूमेचे कॅटलॉग याच आकारांच्या चित्रांवरून मशीन ओळखायला शिकवतात. जर्मनीतल्या रोलांड रान्फ्ट यांनी तयार केलेली मशीनची सचित्र सूची इंटरनेटवर प्रसिद्ध आहे. जुन्या कॅटलॉगमध्ये व्यास ‘लीन’ या मापात दिलेला असतो. एक लीन म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर, म्हणजे साडेदहा लीनचं मशीन जवळपास २३.७ मिलिमीटरचं.

कॅलिबर कळल्यावर भागाचा क्रमांक. स्विस मशीनमधल्या भागांना ठरलेले आकडे आहेत आणि ते बहुतेक कारखान्यांत सारखे चालतात. चावीची दांडी म्हणजे ४०१, वाइंडिंग पिनियन ४१०, रॅचेट व्हील ४१५, क्लिक ४२५, सेटिंग लिव्हर ४४३, एस्केप व्हील ७०५, पॅलेट फोर्क ७१०, पूर्ण बॅलन्स ७२१, नुसता बॅलन्स स्टाफ ७२३, मुख्य स्प्रिंग ७७०. म्हणूनच जुन्या दुकानातल्या पिवळ्या पडलेल्या पुडीवर ‘ए.एस. ११३०’ आणि त्याखाली ‘७२३’ एवढंच लिहिलेलं असलं, तरी कारागिराला आत काय आहे ते उघडण्याआधी कळतं. विक्रेत्याला विचारताना हीच भाषा वापरावी. फोटो, कॅलिबर, भागाचा क्रमांक, एवढं पाठवलं की चुकीचा पार्ट येण्याची शक्यता खूप कमी होते. एचएमटी आणि जपानी कंपन्यांची क्रमांकपद्धत वेगळी आहे, तिथे हे स्विस आकडे चालत नाहीत.

मुख्य स्प्रिंगबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त तडजोड इथेच केली जाते. स्प्रिंगला चार मापं लागतात: पट्टीची रुंदी, जाडी, लांबी आणि ज्या बॅरलमध्ये ती बसायची त्याचा आतला व्यास. रुंदी थोडी कमी असली तर फारसं बिघडत नाही. जाडीचं तसं नाही. स्प्रिंगची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, ०.१० मिलिमीटरऐवजी ०.११ मिलिमीटरची पट्टी घातली तर ताकद सुमारे एक तृतीयांशाने वाढते. मग बॅलन्स गरजेपेक्षा मोठे झोके घेऊन आपटायला लागतो, घड्याळ अवाच्या सवा पुढे धावतं आणि दोष भलत्याच भागावर ढकलला जातो. “जवळपासची घातली आहे, चालून जाईल,” असं कुणी म्हणालं, तर किती मापाची घातली हे विचारायचा हक्क मालकाला आहे.

जुन्या निळसर पोलादी स्प्रिंगा वर्षानुवर्षांत मऊ पडतात, त्यांचा ताण जातो, आणि कधीकधी एके रात्री कारण नसताना तुटतात. आजच्या मिश्रधातूच्या स्प्रिंगा मापावरून मिळतात आणि जास्त टिकतात. त्यामुळे इथे ‘मूळचीच हवी’ असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. फक्त ऑटोमॅटिक घड्याळाची स्प्रिंग मागवताना ते स्पष्ट सांगावं. तिच्या बाहेरच्या टोकाला वेगळी पट्टी जोडलेली असते, जी स्प्रिंग पूर्ण भरल्यावर बॅरलच्या भिंतीवर घसरते. साध्या चावीच्या घड्याळाची स्प्रिंग तिथे चालत नाही.

काच ही सगळ्यात सोपी. जुन्या घड्याळांच्या प्लॅस्टिकच्या काचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या फरकाने मिळतात. केसची कडा व्हर्नियरने मोजली की झालं. काच तडकलेली नसेल आणि नुसते ओरखडे असतील, तर ब्रासोसारख्या पॉलिशने मऊ कापडावर हळूहळू घासून ती पुष्कळ स्वच्छ होते. चावीसाठी तीन गोष्टी बघायच्या: आतल्या आट्यांचं माप, केसमधल्या नळीचा व्यास आणि चावीची बाहेरून रुंदी. दांडीच्या आट्यांना ‘टॅप’चे क्रमांक असतात, टॅप १० म्हणजे ०.९० मिलिमीटर. दांडी नेहमी लांब मिळते आणि केसप्रमाणे कापावी लागते, म्हणून तुटलेल्या दांडीचा तुकडा कधीही फेकू नये. तोच लांबीचा पुरावा असतो.

बॅलन्स स्टाफचं काम मात्र नाजूक. त्याची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास बारीक असतात आणि घड्याळ टेबलावरून फरशीवर पडलं, की तीच आधी मोडतात. याच कारणाने विसाव्या शतकाच्या मध्यापासून धक्का झेलणाऱ्या रचना सर्रास आल्या: स्विस घड्याळांत इन्काब्लॉक, सिटिझनमध्ये आणि पुढे एचएमटीत पॅराशॉक. जनताच्या डायलवर ‘पॅराशॉक’ हा शब्द म्हणूनच छापलेला दिसतो. त्याआधीच्या घड्याळांचे स्टाफ आजही सगळ्यात जास्त मागणीचा पार्ट आहेत. स्टाफ मिळाला तरी अर्धंच काम झालं. जुना स्टाफ बॅलन्सला रिव्हेट केलेला असतो, तो लेथवर कापून काढावा लागतो. घाईने ठोकून काढला तर बॅलन्सचं भोक मोठं होतं आणि मग पूर्ण बॅलन्सच शोधायची वेळ येते. म्हणून ज्या कारागिराकडे लेथ आणि स्टेकिंग टूल आहे, त्याच्याकडेच हे काम द्यावं, चार पैसे जास्त गेले तरी.

शोध कुठून सुरू करायचा? गावातल्या सगळ्यात जुन्या दुरुस्तीच्या दुकानापासून. तालुक्याच्या ठिकाणी पन्नास-साठ वर्षं चाललेल्या दुकानांत ज्या डब्या असतात, त्यांत काय आहे हे पुष्कळदा तिसऱ्या पिढीलाही माहीत नसतं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या घड्याळांच्या घाऊक व्यापारासाठी ओळखल्या जातात. तिथे पार्टची चौकशी करताना जुना भाग खिशात असावा. चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि पुण्याचा बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार इथे सुटा पार्ट क्वचित मिळतो, पण बंद घड्याळं ढिगाने मिळतात, आणि पार्टसाठी घड्याळ घ्यायचं तर तिथेच.

परदेशातून मागवायचं झालं तर इंग्लंडमधलं कझिन्स आणि अमेरिकेतलं ज्यूल्स बोरेल ही जुनी, कॅलिबरवरून पार्ट शोधू देणारी दुकानं आहेत. स्वॉच ग्रुपने मात्र २०१६पासून आपल्या ब्रँडचे पार्ट बाहेरच्या घाऊक विक्रेत्यांना देणं थांबवलं आहे. त्यामुळे ओमेगा, लाँजिन, टिसो यांचे भाग मिळवताना अधिकृत सेवा केंद्र किंवा जुना शिल्लक साठा, एवढेच मार्ग उरतात. मागवण्यापूर्वी पोस्टेज आणि सीमाशुल्क धरून हिशेब करावा. दांडीपेक्षा तिचं टपाल महाग पडणं नवं नाही, म्हणून दोन-तीन घड्याळांचे पार्ट एकत्र मागवणं शहाणपणाचं.

बंद घड्याळ पार्टसाठी विकत घेताना एक धोका मुंबईच्याच नावाने जगभर ओळखला जातो. नव्याने रंगवलेली भडक डायल, भलत्याच घड्याळाचे काटे, तीन घड्याळांतून जुळवलेलं मशीन, अशा घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. लाल किंवा निळी डायल, त्यावर नामांकित ब्रँडचं वेडंवाकडं छापलेलं नाव आणि संशयास्पद स्वस्त किंमत, ही त्याची ठळक लक्षणं. अशा घड्याळातलं एखादं चाक कामाला येईलही, पण आतला प्रत्येक भाग एकाच कॅलिबरचा असेल याची खात्री नसते. झाकण उघडून दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर पुढच्या माणसाकडे जावं. झाकण उघडल्यावर आधी चावीच्या बाजूचा गंज बघावा. पाणी तिथूनच शिरतं, आणि तिथे गंज असेल तर दांडी, क्लच, सेटिंग लिव्हर हे नेमके हवे असलेले भाग गेलेले असतात.

आणि चालतं घड्याळ एका स्प्रिंगसाठी फोडू नये. एचएमटीची जी घड्याळं अजून टिकटिकत आहेत, त्यांची संख्या आता फक्त कमी होणार आहे. आधीच गंजलेलं, डायल गेलेलं, केस फुटलेलं घड्याळ पार्टसाठी मिळत असताना धडधाकट कोहिनूर उघडून त्याचे तुकडे करणं हा सरळसरळ अपव्यय आहे.

एक इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. १९६०च्या दशकापर्यंतच्या अनेक घड्याळांत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांना आणि काट्यांना खरं रेडियम लावलेलं असे. आज ते चमकत नाही, कारण त्यातलं प्रकाश देणारं रसायन जळून गेलं आहे; रेडियम मात्र तसंच आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं. असे काटे खरवडू नयेत, फुंकर मारून भुकटी उडवू नये, जेवणाच्या टेबलावर हे घड्याळ उघडू नये आणि मुलांच्या हाती सुटे काटे देऊ नयेत. झाकण आणि काच बंद असताना घड्याळ ठेवायला हरकत नाही. धोका भुकटी श्वासात किंवा पोटात जाण्याचा आहे.

डायल आणि काट्यांचा प्रश्न वेगळाच. मशीनचा भाग बदलला तर कुणाला दिसत नाही, पण रंगवून घेतलेली डायल घड्याळाचा चेहराच बदलते आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही घटवते. डाग पडलेली मूळ डायल शक्यतो तशीच ठेवावी. काटे बदलावेच लागले तर तिन्ही भोकांची मापं घ्यावीत. ईटीएच्या २८२४ मशीनमध्ये ती १.५०, ०.९० आणि ०.२५ मिलिमीटर असतात. दुसऱ्या मशीनचे काटे दिसायला सारखे असले तरी बसत नाहीत.

जे कुठेच मिळत नाही ते बनवून घेता येतं. लेथवर स्टाफ आणि दांडी वळता येते, मोडलेल्या टोकाच्या जागी नवं टोक घालता येतं, चाकाचा एखादा दात बसवता येतो. हे येणारे कारागीर कमी झाले आहेत आणि त्यांचा मोबदला घड्याळाच्या बाजारभावापेक्षा जास्त होऊ शकतो. आजोबांच्या मनगटावरचं घड्याळ असेल, तर तो मोबदला देण्यात काही चूक नाही. काम झाल्यावर बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि कॅलिबर, पार्टचा क्रमांक, स्प्रिंगची मापं, तारीख एका चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत ठेवावी. पुढच्या दुरुस्तीला पहिल्यापासून शोध घ्यावा लागणार नाही.

ज्यांच्या घरात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि आता ते बंद होत आहे, त्यांना एक विनंती आहे. त्या पुड्या आणि डब्या वजनावर भंगारात देऊ नका. वरची अक्षरं वाचता येतात तोवर त्या तशाच, क्रम न मोडता, एखाद्या चालत्या कारागिराच्या हाती द्या. घरातलं कधीच दुरुस्त न होणारं बंद घड्याळही तिथेच द्या. त्यातला एक क्लिक किंवा एक दांडी दुसऱ्या कुणाचं घड्याळ चालू करू शकते.